मेडिकल प्रवेशाची तयारी: उन्हाळी वर्ग की पोस्ट-बॅकचं वर्ष?

अमेरिकेत मेडिकलला प्रवेश पदवीनंतर मिळतो. कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा मूलनिवासी घरातली, पुष्कळदा कुटुंबातून पहिल्यांदाच कॉलेजात पोचलेली मुलं पदवीच्या चार वर्षांत कुठेही गळू शकतात. असा विद्यार्थी तुमच्याकडे सल्ल्याला आला, तर आधी एकच विचारा: अर्ज करून नकार आला आहे का?

पहिलं-दुसरं वर्षच चालू असेल, तर उन्हाळी वर्ग. रॉबर्ट वूड जॉन्सन फाउंडेशनच्या पैशावर १९८८ मध्ये सुरू झालेला उपक्रम यातला सगळ्यांत परिचित. सहा आठवड्यांत विज्ञानाची उजळणी, अभ्यासाची शिस्त आणि डॉक्टरांचं काम जवळून पाहणं. १९९७ मध्ये मेडिकलला अर्ज केलेल्या अशा अल्पसंख्याकांमध्ये इथून गेलेल्या ४९.३ टक्के मुलांना प्रवेश मिळाला, बाकीच्यांपैकी ४१.६ टक्क्यांना. फरक मोठा नाही. पण गुंतवणूक एका सुट्टीचीच आहे.

नकार पदरी पडला असेल, तर मी निःशंकपणे पोस्ट-बॅक सुचवेन. पदवीनंतरचं हे वर्षभराचं शिक्षण: वरच्या पातळीचे विज्ञान विषय, एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेची कसून तयारी, अर्ज आणि मुलाखतीसाठी मार्गदर्शन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अशा वर्गांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात बसलेल्यांपैकी ६७.६ टक्के २००५ पर्यंत मेडिकलला दाखल झाले होते; या वर्गांसाठी अर्ज करूनही न बसलेल्यांपैकी २२.५ टक्के. हुशार मुलंच निवडली असतील, ही शंका रास्त आहे. पण आधीचे गुण वगैरे जमेस धरूनही तफावत टिकली.

हे आकडे उन्हाळी वर्गाच्या आकड्यांशेजारी ठेवून मात्र निर्णय घेऊ नका. तिथली तुलना बाकीच्या अल्पसंख्याक अर्जदारांशी होती, इथली पोस्ट-बॅकसाठीच अर्ज केलेल्यांशी.

पोस्ट-बॅकला वर्ष जातं, कमाई थांबते. शिवाय जुने गुण पुसले जात नाहीत, त्यामुळे एकूण सरासरी थोडीच वर सरकते. याच नावाने क्षेत्र बदलणाऱ्या पदवीधरांसाठीचे महागडे अभ्यासक्रमही चालतात. ते या विद्यार्थ्यासाठी नव्हेत.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्यावर बंदी आणली. २०२४ मध्ये मेडिकलला नव्याने दाखल झालेले कृष्णवर्णीय विद्यार्थी ११.६ टक्क्यांनी घटले. कॅलिफोर्नियात सरकारी विद्यापीठांना ही बंदी १९९६ च्या जनमतापासूनच आहे, म्हणून तिथले वर्ग आर्थिक-शैक्षणिक प्रतिकूलता पाहून मुलं निवडतात. अर्जात घरचं उत्पन्न, आई-वडिलांचं शिक्षण, लहानपण गेलेला भाग हे सविस्तर लिहायला सांगा. आणि पैसे भरण्याआधी वर्गाला विचारा: गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडून किती जणांना जागा मिळाल्या?