आय-साइट: कर्करोग संशोधकाचं काम मोजायला मोफत आणि भरवशाचं

अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आय-साइट संकेतस्थळ 'आरसीआर' (सापेक्ष उल्लेख-गुणोत्तर) हा आकडा देतं: एका निबंधाचा इतर निबंधांत किती उल्लेख होतो, ते त्याच विषयातल्या निबंधांशी ताडून. त्या विषयातल्या एनआयएच-अनुदानित निबंधांपैकी बरोबर मधल्याला (मध्यकाला) १.० धरतात, २.० म्हणजे दरवर्षी त्याच्या दुप्पट उल्लेख. विषय नियतकालिकावरून ठरत नाही. त्या निबंधासोबत आणखी कोणत्या निबंधांचे उल्लेख होतात त्यावरून ठरतो. म्हणून ट्यूमर व्हायरसवर काम करणाऱ्याची तुलना केमोथेरपीच्या मोठ्या चाचण्यांशी होत नाही. एच-इंडेक्सला (निबंधांची संख्या आणि उल्लेख यांवरून संशोधकाला मिळणारा एकच आकडा) हे जमतच नाही.

खरी मेहनत संशोधकाच्या निबंधांची यादी बनवण्याची. नुसतं आडनाव आणि आद्याक्षर टाकलंत तर चार वेगळ्या माणसांचे निबंध एकत्र येतात. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत ऑर्किड क्रमांकानं (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) शोधा, जुने निबंध संस्थेचं नाव बघून हातानं जोडा, 'सेव्ह'मध्ये पीएमआयडी (निबंधाचा पबमेड क्रमांक) निवडून फाइल उतरवा आणि ती आय-साइटवर चढवा.

मग आधी 'फक्त संशोधन निबंध' हा पर्याय लावा. हानाहन-वाइनबर्ग यांच्या कर्करोगाच्या मूळ लक्षणांवरच्या, प्रचंड उल्लेख झालेल्या २००० सालच्या 'हॉलमार्क्स'सारखा एखादा समीक्षा-लेख यादीत असला की सरासरी भलतीच फुगते. त्यामुळे सरासरीपेक्षा मध्यक बघावा. अगदी ताज्या निबंधांचे आकडे तात्पुरते असतात, त्यांवर निवड समितीनं निर्णय घेऊ नये. 'ट्रान्सलेशन' भाग मला सर्वांत आवडतो: काम पेशी, प्राणी की माणूस, कुठल्या टोकाला झुकतंय ते त्रिकोणावर दिसतं.

उणीव मोठी आहे: पबमेडबाहेरचं काहीच मोजलं जात नाही. पुस्तकातली प्रकरणं, पेटंट यांची नोंद वेगळी ठेवावी लागते. स्वतःचेच उल्लेख वगळायचे असतील तर स्कोपस ही दुसरी उल्लेख-सूची गाठा, पण त्याला वर्गणी पडते.