साध्या पीसीवर मॅकओएस: ग्राफिक्स ॲक्सिलरेशनवाचून काय चालते, काय अडते

साध्या पीसीवर मॅकओएस चालवायचे मनात आले की पहिला हिशेब होतो तो प्रोसेसरचा आणि रॅमचा. ग्राफिक्सची पाळी शेवटी येते आणि बहुतेक जण ती एका वाक्यात उरकतात: आपण गेम खेळत नाही, व्हिडिओ एडिट करत नाही, मग ग्राफिक्स ॲक्सिलरेशन, म्हणजे चित्र काढण्याचे काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपने करणे, असले काय आणि नसले काय. विंडोजपुरता हा तर्क बराचसा चालून जातो, कारण कार्डाचा ड्रायव्हर नसला तरी पडदा रंगवण्याचे काम प्रोसेसरकडून बऱ्यापैकी करवून घेण्याची सोय विंडोज ८ पासून त्यात आहे. मॅकवर मात्र २००२ च्या जॅग्वार आवृत्तीत क्वार्ट्झ एक्स्ट्रीम हे तंत्र आले, तेव्हापासूनच खिडक्या एकमेकींवर रचून अंतिम चित्र तयार करण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे गेलेले आहे. आणि २०१८ च्या मोहावीपासून तर मेटल (ग्राफिक्स चिपशी बोलण्याची ॲपलची पद्धत) चालवू शकणारी चिप ही मॅकओएसची अटच झाली. ओपनजीएल या तशाच जुन्या पद्धतीसाठी निदान प्रोसेसरवर चालणारा पर्याय ॲपलने दिलेला आहे, मेटलसाठी तोही नाही.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर एकाच यंत्रावर दोन्ही मांडण्या करून पाहाव्यात. माझ्याकडे आठव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा, १६ जीबी रॅम असलेला डेस्कटॉप आहे. त्यावर विंडोजमधल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे यंत्र) मॅकओएस सुरू केले, तर फाइंडरची खिडकी माउसने ओढताना ती बोटभर मागे राहते आणि मग उडी मारून जागेवर येते. डॉक या ॲपच्या पट्टीमागची धूसर काच जाऊन तिथे सपाट करडा पट्टा दिसतो. आणि सफारीत लांब पान खाली सरकवताना पाठीमागे पंख्याचा आवाज चढत जातो. तेच मॅकओएस ओपनकोअर या, साध्या पीसीवर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने थेट डिस्कवरून, प्रोसेसरमधल्याच इंटेल यूएचडी ६३० चिपच्या ॲक्सिलरेशनसह सुरू केले, की यांपैकी एकही गोष्ट जाणवत नाही. प्रोसेसर तोच, रॅम तीच आणि यूएचडी ६३० काही फार दमदार चिप नव्हे. तरी एवढ्या फरकाला ती पुरते.

इथे एक गैरसमज इतक्यांदा भेटतो की थोडे थांबायला हवे. व्हर्च्युअल मशीनमध्ये ‘अबाउट धिस मॅक’ उघडले की ग्राफिक्ससमोर नुसते ‘डिस्प्ले’ आणि पुढे ३ एमबी किंवा ७ एमबी असा केविलवाणा आकडा दिसतो. व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची टूल्स बसवली की तो १२८ एमबी होतो आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो आकडा पडद्यावरचे चित्र साठवायच्या जागेचा आहे. त्यामुळे रिझोल्यूशन मनाजोगते निवडता येते, पण चित्र काढणारा हात प्रोसेसरचाच राहतो. विंडोज किंवा लिनक्स पाहुणे म्हणून, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत, चालवताना व्हीएमवेअर आणि व्हर्च्युअलबॉक्स जे त्रिमितीय ॲक्सिलरेशन देतात, ते मॅकओएस पाहुण्याला मिळत नाही. सेटिंगमधली खूण लावा अथवा काढा, फरक पडत नाही.

तरीही ॲक्सिलरेशनवाचून होणारी कामे पुष्कळ आहेत. टर्मिनल, गिट, होमब्रू (प्रोग्राम बसवण्याचे साधन) आणि एक्सकोड या ॲपलच्या ॲप बनवण्याच्या साधनातले कंपाइलिंग हा सगळा भार प्रोसेसर आणि डिस्कवर असतो. शिवाय मशीनमध्ये एसएसएच (दुसऱ्या यंत्रावरून आज्ञा देण्याची सोय) चालू करून आपल्या नेहमीच्या एडिटरमधूनच आज्ञा दिल्या, तर मॅकच्या पडद्याकडे बघायची वेळच येत नाही. वेबसाइट सफारीत कशी मांडली जाते एवढेच तपासायचे असेल तर तेही भागते, मात्र ॲनिमेशन आणि वेबजीएल (ब्राउझरमधले त्रिमितीय चित्रण) यांच्यावरून काही निष्कर्ष काढू नये. मराठी मजकुराची अडचण नाही. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार व्यवस्थित उमटतात, फक्त मोठा दस्तऐवज वरखाली करताना हिसके बसतात. आयफोनचा सिम्युलेटर (ॲप तपासायला पडद्यावर उघडणारा नकली आयफोन) ही सीमारेषा म्हणावी: तो उघडतो, पण एखादा स्क्रीन सरकताना पाहून ‘आपले ॲप संथ आहे की हे मशीन’ हे ठरवता येत नाही, आणि ज्या परीक्षेचा निकाल वाचता येत नाही ती घेऊन काय उपयोग? मॅक ओएस ९ च्या जमान्यातली जुनी सॉफ्टवेअरे पाहायची असतील तर प्रश्नच मिटतो. शीपशेव्हर हा एम्युलेटर ९.०.४ पर्यंतच्या आवृत्त्या चालवतो, आणि त्या काळातले बहुतेक प्रोग्राम ग्राफिक्स चिपच्या भरवशावर लिहिलेलेच नव्हते.

याउलट फायनल कट प्रो, मोशन, पिक्सेलमेटर प्रो, डाव्हिन्ची रिझॉल्व्ह ही व्हिडिओ-चित्रांची मंडळी मेटलवर उभी आहेत. ॲक्सिलरेशन नसेल तर ती संथ चालण्याचा प्रश्नच नाही, मुळात कामाला येत नाहीत. लॉजिक प्रो या संगीताच्या सॉफ्टवेअरमधले आवाजाचे गणित प्रोसेसर करतो, म्हणून ग्राफिक्सवाचून ते तगेल असे वाटते. पण व्हर्च्युअल मशीनमध्ये आवाज उशिरा पोचण्याची वेगळीच कटकट असते, तेव्हा संगीतवाल्यांनीही त्या वाटेला जाऊ नये.

ॲक्सिलरेशन हवेच असेल तर मार्ग दोन उरतात. एक, ओपनकोअरने थेट यंत्रावर मॅकओएस बसवणे, म्हणजेच हॅकिंटॉश. आणि दुसरा, लिनक्सवर केव्हीएम या त्याच्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीत मॅकओएस चालवून एक सबंध ग्राफिक्स कार्ड त्याच्या हवाली करणे. दुसऱ्या मार्गासाठी मदरबोर्डवर व्हीटी-डी (कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला देण्याची इंटेलची सोय) किंवा त्याचा एएमडीतला प्रतिरूप हवा, आणि लिनक्ससाठी बहुधा दुसरी ग्राफिक्स चिप हवी. दोन्हींत शेवटी गाडी एकाच ठिकाणी अडते: त्या कार्डाचा ड्रायव्हर ॲपलने मॅकओएसमध्ये ठेवला आहे का? इथे महाग आणि नवे याला काही किंमत नाही. एएमडीची आरएक्स ५७०, ५८०, ५७०० एक्सटी, ६६०० आणि ६८०० ही कार्डे चालतात. मधल्याच ६७०० एक्सटीचा ड्रायव्हर ॲपलने ठेवलेला नाही, आणि ७००० मालिकेचा तर नाहीच. एनव्हीडियाच्या जीटीएक्स १०६० सारख्या कार्डांची धाव मोहावीच्या आधीच्या हाय सिएरा आवृत्तीपाशी संपली; आरटीएक्सवाल्यांना ड्रायव्हर कधी मिळालाच नाही, म्हणून लाखाच्या वरचे आरटीएक्स ४०९० लावलेल्या यंत्रावरही तोच ७ एमबीचा आकडा दिसतो. इंटेलमध्ये डेस्कटॉपच्या दहाव्या पिढीपर्यंतची यूएचडी ६३० चालते, अकराव्या पिढीपासून काही नाही. लॅपटॉपमध्ये एनव्हीडियाची चिप असेल तर ती बंद करून इंटेलवरच भागवावे लागते.

पैसे खर्चण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. मॅकओएसचा परवाना ते केवळ ॲपलच्या यंत्रावर चालवण्याची मुभा देतो. कचेरीतल्या किंवा ग्राहकाच्या कामासाठी विचार करत असाल तर विषय इथेच संपतो. दुसरे म्हणजे ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून स्वतःच्या एम१ चिपकडे वळण घेतले आणि २०२५ ची ताहो ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे जाहीर केले. साहजिकच, केवळ यासाठी नवे-जुने एएमडी कार्ड विकत घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. एडिटिंग करायचे असेल तर ते पैसे वापरलेल्या एम१ मॅक मिनीत घालावेत. काम कमांड लाइनपुरते असेल तर व्हर्च्युअल मशीन पुरे आणि ग्राफिक्सचा विचार सोडून द्यावा. योग्य कार्ड आधीपासून घरात असेल आणि स्वतःच्या शिकण्यासाठी, हौसेसाठी खटपट करायची तयारी असेल, तरच हॅकिंटॉशचा घाट घालावा.

तो घातलाच, तर इन्स्टॉलेशन पार पडल्यावर सगळ्यात आधी ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ग्राफिक्सचे पान उघडावे. चिपच्या नावाखाली मेटलची ओळ दिसली तर ॲक्सिलरेशन चालू आहे. ती नसेल तर बाकी काहीही बसवण्याआधी ओपनकोअरच्या कॉन्फिग फाइलमधला इंटेल चिपचा प्लॅटफॉर्म आयडी (मॅकओएसला चिपची ओळख सांगणारा आकडा) बरोबर आहे का आणि व्हॉटेव्हरग्रीन ही ग्राफिक्ससाठीची कर्नल एक्स्टेन्शन (मॅकओएसच्या गाभ्याला जोडला जाणारा भाग) खरोखर लोड होते आहे की नाही, हे तपासावे.