ट्रस्टचं डायलिसिस सेंटर, सांगली : संध्याकाळच्या शिफ्टचा अनुभव
मी ब्लाउज शिवते. डायलिसिस लागलं तेव्हा आधीच्या हॉस्पिटलात सकाळचीच वेळ मिळाली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. घरी आलं की अंग गळून जायचं, दिवस वाया. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे गेली. इथे संध्याकाळची शिफ्ट आहे. दिवसभर शिवून मी येते, रात्री घरी जाऊन झोपते. माझी कमाई टिकली ती यामुळे.

महात्मा फुले योजनेत डायलिसिस मोफत होतं, पण बुडालेली मजुरी कोण देणार? एसटीच्या साध्या बसला आम्हाला शंभर टक्के सवलत असते, हे इथल्या काउंटरवरच्या काकांनी सांगितलं. कागदही त्यांनीच भरून दिले. अपंगत्वाच्या दाखल्याचं मात्र जमलं नाही. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत किडनीचा आजारच नाही. दिवसाआड सुया टोचून घेणाऱ्यांवर हा अन्याय आहे.

माझ्या डाव्या हातावर फिस्तुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया लावायला ऑपरेशन करून धमनीला जोडलेली शीर. त्यामुळे शिरा फुगल्यात. हळदीकुंकवाला बायका टक लावून बघतात. एका नातेवाइकांकडे माझा कप वेगळा ठेवला, जणू माझ्यामुळे लागण होणार. इथल्या सिस्टर सुई लावायच्या आधी त्याच हातावर बोटं टेकवून शिरेतली थरथर बघतात, "आज चांगली चाललीय ताई," म्हणतात. दोन डायलिसिसच्या मधे अंगात पाणी साचून वजन वाढलं तर आधीच्या ठिकाणी सगळ्यांसमोर ओरडायचे. इथे शांतपणे विचारतात, पापड-लोणचं झालं का, शहाळं घेतलं का. लग्नसराईत चहाला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना कळतं. अर्धा कप घ्या, दिवसाच्या ठरलेल्या पाण्यात धरा, असं सांगतात.

उणं एकच, पण मोठं. इथे समुपदेशक नाही. शेजारच्या बेडवरच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, ती मशीन चालू असताना तोंडावर चादर ओढून रडत होती. नवऱ्याला किडनी द्यायला निघालेल्या बायका मी इथे पाहिल्या. बायकोसाठी तपासणीला आलेला नवरा अजून पाहिला नाही. घरच्यांना समोर बसवून हे बोलणारं माणूस ट्रस्टने नेमावंच.

संध्याकाळच्या शिफ्टला वेटिंग असतं. रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स घेऊन जा आणि नाव आधीच घालून ठेवा.