सुतार खापरपणजोबांचा माग: जनगणना, कोर्टाची दप्तरं की डीएनए?

अमेरिकेतल्या मराठी घरांत हल्ली नातवंडांची वंशावळ एका बाजूला भरगच्च असते आणि दुसऱ्या बाजूला रिकामी. मराठी बाजूचा कुलवृत्तान्त छापलेला असतो. सून किंवा जावई अमेरिकन असेल तर तिकडची गोष्ट मात्र ‘ओहायोकडे कुणीतरी सुतार होते’ इथेच संपते. मग घरातलं कुणीतरी उत्साहाने एखाद्या संकेतस्थळाची वर्गणी भरतं. महिन्या-दोन महिन्यांत शेकडो नावांचं झाड उभं राहतं आणि त्यातली बरीच मंडळी भलत्याच घरची निघतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं एका जागी सापडतात. अमेरिकेत तशी वही नाही. तिथे एकाच माणसाचे तुकडे पाच कचेऱ्यांत विखुरलेले असतात, तेव्हा आधी कुठल्या कचेरीत जायचं हे ठरवावं लागतं.

पारख करायला सगळ्यांच्या ओळखीच्या घरातला सुतार घेऊ: अब्राहम लिंकनचा बाप थॉमस. जन्म १७७८, व्हर्जिनिया. हयात केंटकी, इंडियाना आणि इलिनॉयमध्ये गेली. शेती आणि सुतारकाम दोन्ही केलं. त्याच्या हातची कोपऱ्यातली कपाटं आजही जपून ठेवलेली आहेत. या घराबद्दल इतक्या शंका काढल्या गेल्या, की कोणता कागद उपयोगी पडतो आणि कोणता तोंडघशी पाडतो हे इथे स्वच्छ दिसतं.

जनगणना: सोपी, पण अर्धवट

बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. पण १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बायकोमुलं म्हणजे वयाच्या रकान्यांतले आकडे. १८५० ला पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, जन्माचं राज्य आणि पंधरा वर्षांवरच्या पुरुषांचा धंदा नोंदला गेला. थॉमस १७ जानेवारी १८५१ ला वारला. म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात घरातल्या सगळ्यांची नावं लिहिणारी जनगणना एकदाच आली, मरणाच्या काही महिने आधी. तुमचा सुतार १८५० च्या आधी वारला असेल, तर जनगणनेवर विसंबून घर उभं राहणार नाही.

१८५० नंतरच्यांसाठीही एक खाच आहे. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना १८८० ला आला. त्याआधीच्या तीन जनगणनांत एका छपराखाली दिसणारी बाई बायको, बहीण की भावजय, हा आपला अंदाज असतो. सुताराच्या घरी तर उमेदवार पोरं आणि रोजंदारीवरचे कारागीर राहायला असत. वेगळ्या आडनावाचा सतरा वर्षांचा मुलगा शिकाऊ असेल किंवा मेहुणाही असेल. आडनाव सारखं असलेला पोरगा मुलगा नसून पुतण्याही निघतो. तयार झाडांतल्या चुका मोजायला बसलात तर बऱ्याचशा इथेच सापडतील.

१८९० ची जनगणना जवळपास सगळी गेली. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली आणि उरलेले कागद पुढे सरकारनेच नष्ट केले. १८८१ ला जन्मून विशीच्या आत घर सोडलेलं पोर आईबापांबरोबर जनगणनेत कधीच दिसत नाही. उलट १९०० ची सर्वांत उदार: जन्माचा महिना-वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, आईला किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, सगळं सांगते. म्हणून १९०० पासून मागे मागे यावं.

कृष्णवर्णीय सुताराचा माग काढत असाल तर हिशोबच वेगळा. १८५० आणि १८६० ला गुलामांची वेगळी यादी झाली, तीही बहुतेक नावाशिवाय. गुलामगिरीतून सुटलेल्यांची नावं १८७० ला येतात. त्याच्या मागे जायचं तर मालकाच्या मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी शोधावी लागते. तिथे माणसाचं नाव, कधी ‘सुतार’ हा धंदा, आणि पुढे त्याची डॉलरमधली किंमत. वाचताना हात थरथरतो, पण कित्येकदा तोच एक कागद उरलेला असतो. त्याच्या जोडीला १८६५ ते १८७४ या काळात चाललेल्या, मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या फ्रीडमन्स बँकेची खातेपुस्तकं पाहावीत; खातेदाराच्या धंद्यासोबत बायकोमुलांची, भावंडांचीही नावं अनेक नोंदींत आहेत.

काउंटीचं कोर्ट: किचकट, पण इथेच उलगडा होतो

थॉमसच्या घरचे निम्मे वाद काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, दप्तराने मिटवले. अब्राहम राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याचे आईबाप विवाहित होते की नाही, अशी कुजबुज सुरू झाली. घर हार्डिन काउंटीतलं, म्हणून लोकांनी शोधलं तिथे, आणि काही मिळालं नाही. नोंद शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत होती, कारण नवरी, म्हणजे अब्राहमची आई नॅन्सी हँक्स, तिथे राहत होती. १० जून १८०६ चा लग्नाचा बाँड (लग्नाआधी द्यायचं हमीपत्र), त्यावर नॅन्सीचा पालक म्हणून रिचर्ड बेरीची सही, आणि १२ जूनला लग्न लावल्याची जेसी हेड या धर्मोपदेशकाची नोंद. हे कागद उजेडात आले ते अब्राहमच्या हत्येनंतर बऱ्याच वर्षांनी. नोंद सापडत नसेल तर आधी नवरीच्या काउंटीत शोधा. आणि त्या वर्षी काउंटीची हद्द कुठवर होती तेही बघा, कारण जुन्या काउंट्या फोडून नव्या सतत होत होत्या आणि कागद मात्र जुन्याच कचेरीत राहत.

जमिनीचे दस्त तर आणखी बोलके. थॉमसच्या बापाला मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात १७८६ ला मरण आलं. तेव्हा व्हर्जिनियात थोरल्या मुलाच्या वारसाहक्काचा कायदा अजून चालू होता, सगळी जमीन थोरल्या मॉर्डकायकडे गेली आणि धाकट्या थॉमसला अंगमेहनतीवर उभं राहावं लागलं. १८०३ ला त्याने मिल क्रीकला २३८ एकर घेतले, १८०८ ला सिंकिंग स्प्रिंगची जमीन, मग नॉब क्रीक. केंटकीत मोजणी झाडं, ओढे, दगड यांच्या खुणांवर चाले, एकाच तुकड्यावर दोघातिघांचे दावे असत. त्या दाव्यांपायी तो १८१६ ला इंडियानाला गेला; गुलामगिरी हेही एक कारण होतं, पण मुख्य कारण जमिनीची हक्कपत्रं, असं पुढे मुलानेच लिहून ठेवलंय. इंडियानात सरकारी चौकोनी मोजणी होती, म्हणून तिथला शोध सोपा. संघराज्याने विकलेल्या जमिनींची पेटंटं, म्हणजे पहिली मालकीपत्रं, भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. पूर्व किनाऱ्याची जुनी राज्यं, केंटकी आणि टेक्सास त्यात नाहीत, तिथे काउंटीच गाठावी लागते.

ज्या थॉमसला पिढ्यान्‌पिढ्या आळशी, फिरस्ता म्हणून रंगवलं गेलं, तो वेळेवर कर भरणारा, ज्युरीत बसणारा, घोडे आणि जमीन बाळगणारा गृहस्थ होता, हे विसाव्या शतकात याच करवह्यांतून आणि कोर्टाच्या नोंदींतून पुढे आलं. जनगणना त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

सुताराच्या बाबतीत कोर्टात दोन खास गोष्टी मिळतात. पहिली, मृत्यूनंतरची सामानाची यादी. रंधे, पटाश्या, करवती, वाकस असा जिन्नसवार तपशील असला तर धंद्याची खातरी पटते, आणि वाटणीच्या कागदात वारस, लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या आडनावासकट येतात. मुलींचा माग लागायला यासारखा कागद नाही. दुसरी, मेकॅनिक्स लीन: मजुरी थकली तर बांधलेल्या इमारतीवरच सुताराने बोजा चढवायचा. मेरीलँडने १७९१ ला, नवी राजधानी उभी राहत असताना, हा कायदा केला आणि मग इतर राज्यांनी उचलला. अशा दाव्यात घर कुणाचं, काम काय, पैसे किती, हे सगळं लिहिलेलं असतं. वंशावळ शोधणारे इकडे फारसे फिरकत नाहीत.

या मार्गाचं जुनं दुखणं म्हणजे हस्ताक्षरातली, अनुक्रमणिका नसलेली हजारो पानं. २०२४ पासून फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाने अमेरिकन जमीन आणि वारसा नोंदींत यंत्राने वाचलेल्या हस्ताक्षरावर शब्दशोध सुरू केला आणि चित्रच पालटलं. साक्षीदार किंवा शेजारी म्हणून आलेलं नावही आता सापडतं. शोधताना नुसतं ‘कार्पेंटर’ टाकू नका, कार्पेंटर आडनावाचे सगळे लोक अंगावर येतील. न्यू इंग्लंडमध्ये ‘हाउसराइट’ किंवा ‘जॉइनर’ हे सुतारासाठीचे जुने शब्द टाकून बघा. नावाचं स्पेलिंगही कारकुनाच्या कानावर. लिंकन मंडळी ‘लिंकहॉर्न’ म्हणूनही सापडतात.

आणि कोर्ट जळालेलं असलं तर? शिकागोच्या ऑक्टोबर १८७१ च्या आगीत कुक काउंटीची जन्म, लग्न, जमीन, वारसा अशी सगळी दप्तरं गेली. तिथे खालच्या मार्गाशिवाय पर्याय नाही.

शहरी सुतार: वार्षिक निर्देशिका

शहरांत दरवर्षी रहिवाशांची निर्देशिका छापत: नाव, धंदा, पत्ता. फिलाडेल्फियात १७८५ पासून, न्यूयॉर्कात १७८६ पासून. १८८० ते १९०० चं भगदाड बुजवायला यापेक्षा चांगलं साधन नाही. एका वर्षी ‘सुतार’, पुढच्या वर्षी त्याच पत्त्यावर त्याच्या बायकोच्या नावापुढे ‘विधवा’. मृत्यूचं वर्ष हाती आलं. आगीनंतर शिकागो नव्याने बांधायला जर्मन, स्वीडिश, नॉर्वेजियन सुतार लोटले. सुतारांची राष्ट्रीय संघटना १८८१ ला तिथेच स्थापन झाली. एकाच नावाचे चार-पाच सुतार तिथे सहज निघतात, त्यांना वेगळं काढायला पत्त्याचाच आधार. मात्र शिकागोने १९०९ ला घरांचे क्रमांक बदलले, हे ध्यानात ठेवून जुना नवा पत्ता जुळवावा.

खेड्यातल्या सुतारासाठी निर्देशिकेचा उपयोग जवळपास शून्य.

जन्ममृत्यूची नोंद आणि चर्च

हे राज्यावर ठरतं. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यभर नोंदणी १८४१ पासून, पेनसिल्व्हेनियात १९०६ पासून. केंटकीत १८५२ ला प्रयत्न झाला, तो काही वर्षांत बारगळला आणि नीट नोंदणी १९११ ला आली. मॅसॅच्युसेट्सचा सुतार असेल तर इथूनच सुरू करा, बाकी वाचायचीही गरज पडणार नाही कदाचित. चर्चमध्ये लुथरन आणि कॅथलिक नोंदी बाप्तिस्म्यापासून असतात. बॅप्टिस्ट मंडळी बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत, त्यांच्या वहीत माणूस मोठेपणी सभासद झाला की मगच दिसतो. थॉमस तसाच, इंडियानाच्या लिटल पिजन क्रीकच्या चर्चवहीत १८२३ ला उगवतो.

यादवी युद्धाचं पेन्शन

सुतार १८३० ते १८४७ च्या दरम्यान जन्मलेला आणि उत्तरेकडचा असेल, तर तो उत्तर-दक्षिण राज्यांच्या यादवी युद्धात (१८६१-६५) लढलेला असू शकतो; इतर सगळं बाजूला ठेवून आधी पेन्शनची अनुक्रमणिका पाहा. विधवेला लग्न आणि मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत, म्हणून फायलीत बायबलमधून फाडलेली पानं, सुइणीची आणि शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं सापडतात. १८९० च्या कायद्याने अट सैल झाली: नव्वद दिवसांची सेवा आणि अंगमेहनत न जमणारं शरीर एवढं पुरे, इजा युद्धातलीच हवी असं नाही. छपरावरून पडून कंबर मोडलेला सुतारही पात्र ठरला. १८९८ ला तर खात्याने बायको, लग्न, मुलं विचारणारा छापील अर्जच धाडला. मूळ फाइल वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधून पैसे भरून मागवावी लागते आणि ते पैसे सार्थकी लागतात. दक्षिणेकडच्या सैनिकांना संघराज्याचं पेन्शन नव्हतं. त्या त्या राज्याने पुढे दिलं, तिथल्या फायली पातळ.

डीएनए

घरबसल्या लाळ पाठवायची, म्हणून हा मोह मोठा. पण खापरपणजोबाच्या बापाकडून आपल्यापर्यंत सरासरी तीन टक्केच अंश येतो, आणि चौथ्या पिढीतले चुलत-आते भाऊ निम्म्या वेळा जुळतही नाहीत. नॅन्सीची आई लूसी ही जन्माने हँक्स की शिपली, हा वाद शतकभर चालला आणि २०१५ ला मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएच्या चाचणीने हँक्सच्या बाजूने सुटला. पण कुणाची चाचणी घ्यायची हे कळायला आधी आईकडून लेकीकडे उतरत आलेले वंशज कागदावरून शोधावे लागले. कागद पुढे नसेल तर डीएनए तुम्हाला अनोळखी चुलत भावंडांची यादी देईल, आणि ती मंडळी तुम्हालाच विचारतील की आपलं नातं काय.

पैसा कुठे घालायचा

फॅमिलीसर्च फुकट आहे, मॉर्मन चर्चच्या खर्चाने चालतं, आणि कोर्टाच्या दप्तरांसाठी मी तेच आधी उघडेन. त्यातलं सामाईक झाड मात्र कुणीही बदलू शकतो, त्याला पुरावा मानू नका. अ‍ॅन्सेस्ट्री या संकेतस्थळाची वर्गणी महाग, पण निर्देशिका आणि जनगणनेची शोधसोय तिथे सरस. अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत तिची वाचनालय-आवृत्ती फुकट बसून वापरता येते, तेव्हा आधी गावच्या वाचनालयात विचारा. काउंटी आणि दशक ठाऊक नसताना वर्गणी भरणं वाया जातं. ती दोन्ही हाती आल्यावर एका महिन्याची घ्या, लागतील त्या प्रतिमा उतरवून ठेवा आणि आपोआप होणारं नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा.