हल्ल्यानंतर कुटुंबासह प्रवास: ठरल्याप्रमाणे जावे, लांबवावे की ठिकाण बदलावे?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबांची वर्षातील मोठी सहल एप्रिल-मेमध्येच होते, कारण तेव्हा शाळांना सुट्टी असते, साखर कारखान्यांचे गाळप संपलेले असते आणि तासगाव-पलूसकडील द्राक्षबागायतदारांची खरडछाटणी उरकत आलेली असते. काश्मीरमधील पहलगामजवळच्या बैसरन येथे 22 एप्रिल 2025 रोजी दहशतवाद्यांनी 26 जणांना ठार केले, ते नेमके याच दिवसांत. मृतांमध्ये महाराष्ट्रातील सहा जण होते आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही होता. ज्यांची काश्मीरची तिकिटे काढून झाली होती त्यांच्यापुढे एका रात्रीत प्रश्न उभा राहिला, आणि तो प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर पुन्हा उभा राहतो. त्या वेळी घरात जे पर्याय बोलले जातात, म्हणजे ठरल्या तारखेला जाणे, पुढे ढकलणे, दुसरीकडे जाणे किंवा जवळच कुठेतरी जाऊन येणे, ते एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

ठरल्या तारखेला जाण्याच्या बाजूने जे बोलले जाते ते उडवून लावण्यासारखे नाही. जम्मू-काश्मीरला 2024 मध्ये दोन कोटींहून अधिक लोकांनी भेट दिली, त्यांत वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंचा वाटा मोठा होता. त्या तुलनेत हल्ल्यात सापडण्याची शक्यता फारच कमी भरते. देशात रस्ते अपघातांत 2022 या एका वर्षात 1,68,491 माणसे दगावली, आणि साताऱ्याचा माणूस खंबाटकी घाटातून पुण्याला जाताना हा धोका दर वेळी पत्करतोच. यात दुसरा मुद्दा मनाचा आहे. भिऊन घरी बसलो तर हल्लेखोरांना हवे तेच घडेल, शिवाय घोडेवाले, शिकारेवाले आणि टॅक्सीवाले यांची चूल विझेल, असे अनेकांना मनापासून वाटते. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात, जिथे अपशिंगेसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले सैन्यात जातात आणि पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिकांनी 2015 मध्ये कुपवाड्यात लढताना दिलेले बलिदान लोकांच्या स्मरणात आहे, तिथे या भावनेला विशेष वजन आहे.

तरीही मला हा पर्याय कुटुंबासाठी पहिल्या महिन्यात योग्य वाटत नाही. सरासरीचा हिशेब शांत काळाचा असतो, आणि हल्ल्यानंतरचे काही आठवडे शांत काळात मोडत नाहीत. त्या आठवड्यांत दुसरा हल्ला होईल की नाही हे कोणी सांगू शकत नाही, पण सरकारचे प्रत्युत्तर येते हे मात्र गेल्या दशकाचा अनुभव सांगतो. उरीचा हल्ला 18 सप्टेंबर 2016 रोजी झाला आणि सर्जिकल स्ट्राइक 29 सप्टेंबरला, म्हणजे अकरा दिवसांनी. पुलवामा 14 फेब्रुवारी 2019 रोजी घडले आणि बालाकोटवरील कारवाई 26 फेब्रुवारीला, म्हणजे बाराव्या दिवशी. त्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीनगर, जम्मू, लेह आणि अमृतसरसह उत्तरेतील अनेक विमानतळ काही तास बंद ठेवावे लागले. पहलगामनंतर पंधरा दिवसांनी, 7 मे रोजी, ऑपरेशन सिंदूर झाले आणि पाठोपाठ उत्तर व पश्चिम भारतातील 32 विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाले, ते 12 मे रोजी पुन्हा खुले झाले.

या तारखा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ठळक होते, आणि निर्णय घेणाऱ्याने तीच प्रथम लक्षात घ्यावी असे माझे मत आहे. घरोघरी जी मधली वाट काढली जाते, म्हणजे “एवढ्यात नको, पंधरा-वीस दिवस जाऊ देत, मग निघू”, ती या सर्व पर्यायांत सर्वांत वाईट आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातील सहल ज्यांनी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यावर नेली असेल, त्यांनी धोका टाळला नाही, तर ते त्याच्या ऐन तोंडाशी जाऊन उभे राहिले. लांबवायचे असेल तर किमान दोन-तीन महिने लांबवावे, नाहीतर सरळ रद्द करावे.

अडकून पडणे म्हणजे नेमके काय, याचाही विचार घरातील सर्वांत अशक्त माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केला पाहिजे. हल्ल्याच्या दोनच दिवस आधी, 20 एप्रिलला, रामबन भागात ढगफुटी आणि भूस्खलन होऊन जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला होता. त्यामुळे 22 तारखेनंतर खोऱ्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या हजारो पर्यटकांना रस्ता जवळजवळ नव्हताच आणि सारा भार श्रीनगरच्या विमानतळावर आला. राज्य शासनाने विशेष विमाने सोडली, रेल्वेने कटऱ्याहून दिल्लीला विशेष गाडी काढली, विमान कंपन्यांनी काही दिवस तिकीट बदलण्याचे आणि रद्द करण्याचे शुल्क माफ केले. लोक परत आले हे खरे, पण मधुमेहाची इन्सुलिन संपत आलेली आजी किंवा दीड वर्षाचे मूल सोबत असताना हॉटेलच्या खोलीत काढलेले दोन दिवस आणि चार तरुण मित्रांनी काढलेले दोन दिवस यांत फार अंतर आहे. बैसरनला गाडीरस्ता नव्हता. पहलगामपासून पाच-सहा किलोमीटर वर पायी किंवा घोड्यावरूनच जावे लागत होते, आणि मदत पोहोचण्यातही तीच अडचण होती. म्हणून “काश्मीर सुरक्षित आहे का” या ढोबळ प्रश्नापेक्षा “आपण ज्या जागी उभे असू तिथून गाडी, दवाखाना आणि विमानतळ किती दूर आहेत” हा प्रश्न कुटुंबाच्या अधिक उपयोगाचा आहे.

लांबवण्याचा पर्याय मला सर्वांत सयुक्तिक वाटतो, पण त्याचीही किंमत आहे आणि ती आपल्या भागात घरागणिक वेगळी आहे. शिक्षक, बँक कर्मचारी किंवा सरकारी नोकरदार यांना दिवाळीची सुट्टी मोकळी असते आणि काश्मीरसाठी तो काळ उत्तमही असतो: ऑक्टोबरच्या अखेरीस चिनार लाल होतात आणि पाम्पोरच्या शेतांत केशर फुलते. द्राक्षबागायतदाराला मात्र तेव्हा गाव सोडता येत नाही. फळछाटणी झालेली असते, फुटवे निघालेले असतात, आणि एका अवकाळी पावसाने डाऊनी हा बुरशीजन्य रोग आला तर वर्षाचे उत्पन्न जाते. जानेवारी ते एप्रिल त्याची काढणी. ऊस उत्पादकाला तोडीची पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो. उरतो तो जून ते ऑगस्टचा पावसाळा, आणि हिमालयात तो काळ दुसऱ्याच कारणाने टाळण्याजोगा असतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडातील धरालीत, किश्तवाडमधील चिशोतीत आणि नंतर वैष्णोदेवीच्या वाटेवर पाऊस व दरडींनी जे घडवले ते पाहता, सवड आहे म्हणून पावसाळ्यात वर जाणे म्हणजे एका भीतीतून सुटून दुसऱ्या संकटात जाणे होय. अशा शेतकरी कुटुंबाने सहल सहा महिने ढकलण्यापेक्षा पुढच्या एप्रिल-मेवर न्यावी. तोवर मुले एक इयत्ता पुढे जातील, एवढेच नुकसान.

लांबवून पुन्हा निघताना “आता शांत झाले आहे” ही ऐकीव बातमी पुरेशी नसते, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे बर्फातले हसरे व्हिडिओ तर मुळीच नाहीत. त्यापेक्षा प्रशासन स्वतः कोणती ठिकाणे उघडत आहे ते पाहावे. 29 एप्रिल 2025 रोजी काश्मीरमधील 87 पैकी 48 पर्यटनस्थळे बंद करण्यात आली. जूनच्या मध्यात काश्मीर आणि जम्मू मिळून 16 स्थळे उघडण्याची घोषणा झाली आणि सप्टेंबरअखेरीस आणखी 12. सुरक्षा यंत्रणांनी ज्या जागेची जबाबदारी पुन्हा घेतली तिचेच नाव अशा यादीत येते, म्हणून ही यादी इतर कोणत्याही सल्ल्यापेक्षा भरवशाची आहे. दुसरी खूण म्हणजे सरकारी सूचना. 2 ऑगस्ट 2019 रोजी यात्रेकरूंना व पर्यटकांना खोरे सोडण्यास सांगण्यात आले तेव्हा कारण पुरते कोणालाच ठाऊक नव्हते, पण ज्यांनी लगेच सामान बांधले ते 5 ऑगस्टपासून ठप्प झालेल्या दूरध्वनी व इंटरनेटच्या जाचातून वाचले. अशी सूचना आली की चर्चा करत बसू नये.

आता ठिकाण बदलण्याविषयी. काश्मीर नको म्हणून हिमाचल, अमृतसर किंवा राजस्थान धरणे हा बदल नकाशावर दिसतो तितका मोठा नाही. मे 2025 मध्ये बंद झालेल्या 32 विमानतळांत चंदीगड, अमृतसर, कांगडा, कुलू, जोधपूर, जैसलमेर आणि भूजही होते, आणि धरमशालेतील आयपीएलचा सामना 8 मे रोजी अर्ध्यावर थांबवून खेळाडूंना रेल्वेने दिल्लीला आणावे लागले. सीमेलगतच्या प्रदेशातून खरेच बाहेर पडायचे असेल तर दक्षिणेकडे वळावे. आपल्या भागासाठी हे सोयीचेही आहे: मिरजेहून बेळगाव-हुबळीमार्गे बदामी आणि हंपी रेल्वेने किंवा घरच्या गाडीने गाठता येतात, उन्हाळ्याचा त्रास मान्य केला तर खर्चही निम्म्याच्या आत राहतो, आणि परत फिरायचे ठरले तर त्याच दिवशी निघता येते. परतीचा निर्णय स्वतःच्या हाती असणे हा लहान मुले किंवा वृद्ध सोबत असताना फार मोठा गुण आहे. उणीव एवढीच की ज्या घराने दोन वर्षे पैसे साठवून बर्फ पाहायचे ठरवले होते, त्याचे समाधान हंपीच्या शिळांनी होत नाही. मुलांना तसे भासवूही नये. काश्मीर पुढे नेले आहे असे त्यांना सरळ सांगावे.

जवळची सहल, म्हणजे महाबळेश्वर, कोयनानगर किंवा कुंभार्ली उतरून कोकण, ही बिनधोक समजून निवडली जाते. दहशतवादाचा विचार केला तर ती समजूत रास्त आहे, पण तेवढ्यावर डोळे मिटू नयेत. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला निघालेली असताना आंबेनळी घाटात कोसळली आणि तीसेक जण गेले. वाई तालुक्यात मांढरदेवच्या यात्रेत 25 जानेवारी 2005 रोजी चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे भाविकांचा अंत झाला. 15 जून 2025 च्या एकाच रविवारी केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर कोसळून सात जण मृत्युमुखी पडले आणि इकडे तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना पूल पर्यटकांच्या गर्दीने इंद्रायणीत कोसळून चौघांचा बळी गेला. दूरचा भयंकर धोका टाळल्याच्या समाधानात जवळच्या परिचित धोक्याकडे काणाडोळा होतो, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. पावसाळ्यात रात्री घाट न उतरणे आणि गर्दीच्या पुलावर वा धबधब्याच्या काठावर मुलांना न नेणे, या दोन गोष्टी पाळणाऱ्या कुटुंबाची सुरक्षितता कितीतरी वाढते.

पैशांचा मुद्दा मी शेवटी घेत आहे, कारण तो निर्णयात बहुधा पहिला येतो आणि येऊ नये. टूरवाल्याकडे भरलेला ॲडव्हान्स बुडेल या धास्तीने निघणारी कुटुंबे पाहिली आहेत. रद्द करण्यापेक्षा पैसे पुढच्या तारखेला वळते करून मागितले तर ते मिळण्याची शक्यता अधिक असते, कारण व्यावसायिकालाही ग्राहक टिकवायचा असतो; ते मान्य झाले की लेखी घ्यावे. रेल्वेच्या तिकिटात सुटण्याची वेळ जवळ येईल तशी कपात वाढते, म्हणून तिथे रेंगाळू नये. प्रवास विम्यावर मात्र फार विसंबू नये: युद्ध व युद्धजन्य परिस्थिती बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते, दहशतवादी कृत्याचे संरक्षण पॉलिसीगणिक वेगळे असते, आणि केवळ भीती वाटली म्हणून रद्द केलेल्या प्रवासाची भरपाई सहसा मिळत नाही.

घरात मतभेद असतील, आणि ते असतातच, तर माझ्या मते नको म्हणणाऱ्याचे मत जड धरावे, मग ती सून असो वा नववीतील मुलगा. मन घट्ट करून आलेला माणूस पाच दिवस प्रत्येक आवाजाला दचकतो आणि ती सहल कोणाचीच राहत नाही. ज्या घरात सगळेच धडधाकट आहेत, सगळ्यांची तयारी आहे आणि हल्ल्याला तीन महिने उलटून गेले आहेत, त्या घराने मात्र अवश्य जावे. तिथल्या कष्टकऱ्यांना खरा आधार अशाच सावध पण निर्धास्त पाहुण्यांचा होतो. अशा कुटुंबाने मुक्काम श्रीनगरला ठेवून गुलमर्ग-पहलगाम दिवसा करून परतावे, गाडीरस्त्यापासून दूरची ठिकाणे पहिल्या खेपेस सोडावीत आणि औषधे ठरल्यापेक्षा आठवडाभराची जादा घ्यावीत. 2025 च्या जूनपासून कटरा-श्रीनगर रेल्वे सुरू झाल्याने महामार्ग बंद पडला तरी खोऱ्यातून बाहेर पडण्याची आणखी एक वाट झाली आहे, तिचे वेळापत्रक जवळ असावे. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे घरातील निदान दोघांकडे पोस्टपेड क्रमांक असल्याची खात्री निघण्यापूर्वी करावी आणि ते दोन्ही क्रमांक व हॉटेलचा पत्ता गावाकडे एका जबाबदार माणसापाशी लिहून ठेवावा.