मॅजिकचा स्वस्त घरगुती क्यूब : अकरा महिने वापरून झाल्यावर

२०२४च्या दिवाळीपासून २०२५च्या दसऱ्यापर्यंत, पेरणीचे दिवस सोडले तर जवळपास दर आठवड्याला, मॅजिक या कार्डांच्या खेळाचा हा क्यूब आर्वीकडच्या एका गावात खेळला गेला आहे. खेळणारे बहुतेक वेळा चार, कधी दोन. आठ जण एकत्र आले ते फक्त दिवाळीच्या सुट्टीत. हा आकडा आधीच सांगतो, कारण नवं कार्ड चांगलं की वाईट हे शेवटी त्याच्यावरच ठरतं.

क्यूब म्हणजे मॅजिक: द गॅदरिंगची आपण निवडलेली कार्डं, प्रत्येकाची एकच प्रत. त्यांचेच पॅक लावायचे, ड्राफ्ट करायचा (पॅकमधून एक कार्ड ठेवून बाकीचा पॅक शेजाऱ्याला द्यायचा), ४० कार्डांचा डेक बांधायचा, खेळून झालं की सगळं परत डब्यात. दरवेळी सीलबंद पॅक फोडायचा खर्च वाचतो. आमचा क्यूब फक्त कॉमन, म्हणजे सगळ्यात सहज मिळणाऱ्या कार्डांचा आहे. कॉमन ओळखायला सेटचं (एकत्र छापून आलेल्या कार्डांच्या मालिकेचं) चिन्ह बघा: काळं असेल तर कॉमन, चंदेरी असेल तर अनकॉमन, सोनेरी असेल तर रेअर. एखादं कार्ड आधी अनकॉमन होतं आणि नंतरच्या सेटमध्ये कॉमन म्हणून छापलं गेलं, तर तेही चालतं. मोनॅस्टरी स्विफ्टस्पिअर २०१४ला अनकॉमन होतं, २०२२च्या डबल मास्टर्समध्ये कॉमन झालं. नव्या सेटांची यादी चाळताना अशी खाली आलेली कार्डं आधी बघावीत. ती वर्षानुवर्षं खेळून पारखलेली असतात.

सुरुवात सगळीकडे सांगतात तशी ३६० कार्डांनी केली. ८ जण, प्रत्येकी ३ पॅक, पॅकमध्ये १५ कार्डं, म्हणून ३६०. चार जणांसाठी हे गणित बिघडतं. चौघांना १८० कार्डं लागतात, म्हणजे अर्धा क्यूब डब्यातच राहतो. एखाद्या कल्पनेसाठी आठ कार्डं ठेवली असतील तर सरासरी चारच टेबलावर येतात, आणि त्यातली एका माणसाच्या हाती दोन लागली तरी नशीब. एकमेकांच्या आधाराने चालणारी सगळी कार्डं इथे मरतात. दोन महिन्यांनी क्यूब १८०वर आणला. आता प्रत्येक कार्ड प्रत्येक ड्राफ्टमध्ये दिसू लागलं आणि नव्या कार्डाची परीक्षा दुप्पट वेगाने होऊ लागली. पण चौथ्या महिन्यापर्यंत सगळ्यांना सगळं पाठ झालं. समोरच्याकडे दोन निळे मना (लँड कार्डांतून मिळणारी, कार्ड खेळायला लागणारी शक्ती) मोकळे दिसले की काउंटरस्पेलच (आपलं कार्ड रद्द करणारं), हे न बघता कळायचं.

शेवटी बसलेली मांडणी २१६ची. पाच रंगांची प्रत्येकी ३४, म्हणजे १७०. दोन रंगांची १०, रंगहीन आर्टिफॅक्ट १६, लँड २०. प्रत्येक ड्राफ्टआधी न बघता प्रत्येक रंगातून ५, दुरंगीतून २, आर्टिफॅक्टमधून ४ आणि लँडमधून ५ अशी ३६ कार्डं बाजूला ठेवायची. उरतात १८०. एखादं कार्ड साधारण सहापैकी पाच वेळा दिसतं, पण या वेळी आहे की नाही याची खात्री कुणालाच नसते. गठ्ठे रंगवार वेगळे ठेवले तर हे काम पाच मिनिटांत होतं. सगळ्या गठ्ठ्यातून सरसकट ३६ काढू नका, एखाद्या दिवशी हिरवा रंगच गळतो.

चौघांचा ड्राफ्ट १५च्या तीन पॅकऐवजी ९च्या पाच पॅकने करावा. १५चा पॅक चौघांत फिरून तीनदा आपल्याकडे परत येतो आणि सगळं उघडं पडतं. दोघेच असतील तर विन्स्टन ड्राफ्ट: ९० कार्डं, मधे तीन ढीग, ढीग उचला नाहीतर त्यावर एक कार्ड टाकून पुढच्या ढिगाकडे जा.

आता मुख्य मुद्दा, नव्या सेटांचा. २०२५मध्ये स्टँडर्डमध्ये (नव्या सेटांच्या अधिकृत खेळप्रकारात) चालणारे सहा सेट जाहीर झाले. एकेका सेटमध्ये ८०च्या आसपास कॉमन असतात. प्ले बूस्टरमध्ये (विकत मिळणाऱ्या सीलबंद पॅकमध्ये) १४ कार्डं, त्यातली कॉमन सहा-सात. कॉमनसाठी पॅक विकत घेणं म्हणजे तुरीच्या शेंगेसाठी अख्खं वावर घेणं. सुटी कार्डं घ्यावीत किंवा घरी खेळण्यापुरती छापावीत. स्क्रायफॉल या कार्डं शोधायच्या साइटवर सेट आणि कॉमन एवढी चाळणी लावली की सगळी यादी एका पानावर येते. ती तीन फेऱ्यांत गाळतो.

पहिल्या फेरीत, ज्या कार्डाला त्याच सेटमधली दुसरी कार्डं लागतात ते बाद. ब्लूमबरो या सेटमध्ये प्राण्यांच्या दहा जाती आहेत. 'तुमच्याकडे सरडा असेल तर' असं लिहिलेलं कार्ड क्यूबमध्ये एकटं पडतं. दुसऱ्या फेरीत जे आपल्याकडे आधीच आहे त्याची नक्कल बाद. उरतात आठ-दहा. तिसऱ्या फेरीत प्रत्येकापुढे, त्याच रंगातलं आणि त्याच किमतीचं कोणतं जुनं कार्ड बाहेर जाणार, त्याचं नाव लिहायचं. नाव सुचलं नाही तर नवं कार्ड येत नाही. ही अट नसेल तर चार मनाची क्रीचर (हल्ला करणारी, अडवणारी कार्डं) वाढत जातात आणि दोन मनाची कमी होतात, कारण चार मनाचं कार्ड वाचायला नेहमीच भारी वाटतं. आमचं प्रमाण असं: ३४पैकी २० क्रीचर; एक-दोन मनाची ९, तीनची ५, चारची ४, पाच आणि वरची २. लाल-काळ्यात रिमूव्हल (समोरचं क्रीचर काढून टाकणारी कार्डं) आठ-आठ, पांढऱ्यात सहा, निळ्यात चार, हिरव्यात तीन.

असं करून सेटमागे चार-पाच कार्डं आत येतात. सहा ड्राफ्ट खेळवायचे आणि वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: कार्ड कितव्या पिकला गेलं, आणि घेणाऱ्याने ते ४०च्या डेकमध्ये ठेवलं का. सहापैकी चार वेळा डेकबाहेर राहिलं तर काढायचं. 'भारी वाटलं' हे मत वहीत लिहीत नाही. सहा ड्राफ्टनंतर सेटमागे एक किंवा दोन टिकतात, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

टिकलेल्यांत पहिलं नाव सागू वाइल्डलिंग, २०२५च्या टारकिर: ड्रॅगनस्टॉर्ममधलं. पाच मनाचा ३/३ (पहिला आकडा पॉवर म्हणजे मार, दुसरा सोसायची ताकद) उडणारा ड्रॅगन, आला की ३ लाइफ. पण सुरुवातीला लँड कमी पडत असतील तर एका हिरव्या मनात ओमेन (त्याच कार्डावरचा छोटा स्पेल) म्हणून खेळून एक बेसिक (साधं) लँड हातात घेता येतं, आणि कार्ड पुन्हा डेकमध्ये मिसळलं जातं. पहिल्या टर्नलाही कामाचं, दहाव्यालाही, आणि दुसऱ्या कुठल्याच कार्डाची गरज नाही. चौघांच्या क्यूबला हेच हवं. ब्लूमबरोचं कॅरट केकही तसंच: तीन मना, आलं की एक ससा, सॅक्रिफाइस केलं (बळी दिलं) की दुसरा, दोनदा स्क्राय (डेकचं वरचं कार्ड बघून तिथेच ठेवणं किंवा तळाशी टाकणं), वर ३ लाइफ. त्याला दोन पांढरे मना लागतात, त्यामुळे आठ प्लेन्सच्या (पांढरा मना देणाऱ्या लँडच्या) डेकमध्ये तिसऱ्या टर्नला नेहमी जमत नाही, तरी डेकबाहेर कधी राहिलं नाही. मॉडर्न होरायझन्स ३चं गॅल्व्हॅनिक डिस्चार्ज एका लाल मनात क्रीचरला तीन डॅमेज देतं. लाइटनिंग बोल्टसारखं ते खेळाडूवर मारता येत नाही, आणि आमच्याकडे एनर्जीचं (हे कार्ड देतं आणि मारासाठी खर्चतं त्या गुणांचं) दुसरं कार्ड नसल्यामुळे उरलेली एनर्जी वाया जाते. तरी ते राहिलं.

टिकलं नाही त्यात टोलेरियन टेरर, २०२२चं. पॉपर (फक्त कॉमन कार्डांच्या खेळप्रकाराच्या) डेकमध्ये भीती वाटावी असं कार्ड. सात मनाचा ५/५, ग्रेव्हयार्डमधल्या (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातल्या) प्रत्येक इन्स्टंट-सॉर्सरीमागे (एकदा वापरून संपणाऱ्या स्पेलमागे) एक मना कमी. पण ड्राफ्टच्या डेकमध्ये असे स्पेल सात-आठच मिळतात, सातव्या टर्नपर्यंत ग्रेव्हयार्डमध्ये तीन जेमतेम. कार्ड खराब नाही, चार जणांच्या टेबलावर त्याचं पोट भरत नाही. राइदिंग क्रिसॅलिस उलट कारणाने काढलं. चार मनात २/३ आणि दोन स्पॉन (छोटी टोकन क्रीचर), त्यांना सॅक्रिफाइस करून ते स्वतःच वाढतं. लाल-हिरवा खेळणारा टेबलावर एकच असतो, त्यामुळे त्याच्यासाठी स्पर्धाच नाही. बाकीचे तिघे ते पुढे सरकवतात आणि ते फुकट त्याच्या झोळीत पडतं. दुरंगी कार्ड घेताना ताकद बघण्याआधी त्यासाठी किती जण भांडतील ते बघावं.

एथरड्रिफ्ट या २०२५च्या सेटबद्दल थोडं जास्त लिहितो. त्यातल्या एका विश्वाचं नावच आविष्कार आहे, कलादेशचं बदललेलं नाव, आणि चित्रांतले कपडे, रंग, इमारती बघून आपल्याकडच्या खेळाडूला जवळीक वाटते. ती जवळीक बाजूला ठेवणं जड गेलं. त्यातल्या काही कार्डांना लागणारा स्पीड हा खेळाडूचा आकडा एकवर सुरू होतो आणि आपल्या टर्नमध्ये समोरच्याचं लाइफ कमी झालं की एकाने वाढतो, टर्नला एकदाच, चारपर्यंत. म्हणजे किमान तीन टर्न मार बसायला हवा. एवढं जमत असेल तर तुम्ही तसेही जिंकतच असता. शिवाय दोन कार्डांसाठी प्रत्येकाच्या स्पीडचा हिशेब ठेवावा लागतो. त्याच सेटमधली एक्झॉस्टची कार्डं मात्र घ्यावीत: क्षमता एकदाच वापरायची, विषय संपला. एज ऑफ इटर्निटीज या सेटमधला वार्प याच कारणाने आवडला. आधी कमी मनात खेळा, त्या टर्नच्या शेवटी कार्ड एक्झाइल होतं (बाजूला ठेवलं जातं), नंतर पूर्ण किमतीत पुन्हा येतं. एका कार्डाचे दोन फायदे आणि हिशेब काहीच नाही. त्यातलाच स्टेशन (क्रीचरच्या पॉवरने यानाचं कार्ड भरायचं) मात्र चालला नाही, कारण कॉमन क्रीचरची पॉवर दोन-तीन, यान भरेपर्यंत हल्ला थांबतो.

हल्ला थांबणं हा या क्यूबचा सगळ्यात मोठा दोष होता. पाचव्या-सहाव्या महिन्यात एकेक गेम पाऊण तास चालू लागला. कारण आमच्याच निवडीत होतं. मलड्रिफ्टरसारखी, आल्या-आल्या दोन कार्डं देणारी क्रीचर आम्ही भरत गेलो. प्रत्येक अदलाबदलीत कुणाचंच काही कमी होत नव्हतं. त्यात दहा गेन लँड, प्रत्येकी एक लाइफ, म्हणजे लाल डेकचा एकेक मार फुकट जायचा. उपाय तीन केले: प्रत्येक रंगातलं असं एक क्रीचर काढून दोन मनाचं ३/१ किंवा उडणारं घातलं, गेन लँडपैकी पाच काढून इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्सच्या धाटणीचे (स्वतः जाऊन बेसिक लँड आणणारे) लँड घातले (इथे मात्र एकाच कार्डाच्या जास्त प्रती ठेवल्या), आणि बाउन्स लँड पूर्ण बंद केले, कारण एका कार्डात दोन मना देणारा लँड संथ डेकलाच पोसतो. गेम वीस-पंचवीस मिनिटांवर आले.

टोकनचे (कार्डांनी तयार होणाऱ्या क्रीचर वगैरेंसाठी टेबलावर ठेवायच्या खुणांचे) प्रकार बारावर थांबवले आहेत. तेराव्या टोकनचं कार्ड आलं तर आधी एक जुनं जातं. चार ओळींहून जास्त मजकूर असलेलं कॉमनही सहसा घेत नाही. इंग्रजी सावकाश वाचणारा नवा खेळाडू तिथेच अडतो आणि टेबल थांबतं.

छपाई आणि टिकाऊपणा. कार्डाचं माप ६३ × ८८ मिलिमीटर. ए-४वर ९ बसतात, म्हणजे २१६ला बरोबर २४ पानं. तालुक्याच्या डिजिटल प्रिंटिंगवाल्याकडे १२ × १८ इंची कागद असेल तर कार्डं आडवी लावा: ३ × ७ म्हणजे २१, अकरा कागदांत काम होतं. उभी लावली तर २०च बसतात. प्रिंट देताना 'ॲक्च्युअल साइज' म्हणून बजावा, नाहीतर मशीन पानात बसवायला कार्ड लहान करतं आणि ते स्लीव्हमध्ये सळसळतं. जाड आर्ट कार्डावर छापलेली आणि खरी कार्डं एकत्र ठेवू नयेत, पिसताना जाडीतला फरक बोटांना कळतो. सगळ्यात बरं म्हणजे साध्या कागदावर छापून, मागे कुठलंही फालतू खरं कार्ड घालून अपारदर्शक स्लीव्हमध्ये ठेवणं. लॅमिनेशन नको, एका बाजूचं कार्ड वाकवतं आणि दोन्ही बाजूंचं बल्बखाली चमकतं. छापलेली कार्डं विकायची नाहीत आणि अधिकृत स्पर्धेत न्यायची नाहीत.

स्लीव्ह ६६ × ९१ मापाच्या, सगळ्या एकाच खेपेच्या घ्या. बेसिक लँड प्रत्येकी २०, म्हणजे १००. १६ ठेवले होते तेव्हा तिघे एकाच रंगात गेले की कमी पडायचे. २१६ आणि १०० मिळून ३१६, म्हणून शंभरची चार पाकिटं. उरलेल्या स्लीव्ह जपा, वर्षभरात तीस-चाळीस फाटतातच, आणि पुढच्या खेपेचा काळा रंग वेगळा निघतो.

इथला उन्हाळा कार्डांची वेगळी परीक्षा घेतो. टिनाखाली दुपारी हवा कोरडी ठक्क आणि संध्याकाळी कूलर लावला की तीच ओलसर. फॉइल कार्डात कागद ओल घेतो-सोडतो, वरची फिल्म तसं करत नाही, म्हणून ते धनुष्यासारखं वाकतं आणि डेकमध्ये लांबून ओळखू येतं. फॉइल एकही ठेवू नका. कूलरच्या समोर नाही, बाजूला बसा. पावसाळ्यात स्लीव्ह एकमेकींना चिकटतात. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आत चपलांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या चार पुड्या, दर महिन्याला उन्हात तापवलेल्या. पुठ्ठ्याच्या खोक्याला कसर लागते.

बाहेर काढलेली कार्डं फेकत नाही. त्यांचा वेगळा डबा आहे, प्रत्येकावर चिठ्ठी: कधी काढलं, का काढलं, जागी काय आलं. दोन सेट गेले की तो डबा एकदा उघडतो. टोलेरियन टेररच्या चिठ्ठीवर 'निळ्यात स्वस्त स्पेल १६ झाले तर परत' असं लिहिलेलं आहे, आणि सध्या ते १४ आहेत.