हाडांच्या ठिसूळपणाचं मोफत शिबिर: जरूर जा, पण टाचेच्या आकड्याने घाबरू नका

ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात किंवा औषधांच्या दुकानाबाहेर टेबल मांडून भरणारी ही शिबिरं आता तालुक्याच्या गावीही होतात. प्राथमिक चाळणी म्हणून ती उपयोगी आहेत. निदान म्हणून अपुरी आहेत. आणि रिपोर्ट हातात दिल्यानंतर जे व्हायला हवं, ते बहुतेक ठिकाणी होतच नाही.

टाचेच्या दोन्ही बाजूंना जेल लावून हाडातून ध्वनिलहरी सोडतात. त्यांचा वेग आणि क्षीण होणं मोजतात. एक-दोन मिनिटांचं काम, क्ष-किरण नाहीत. पण पायाला सूज असली, पाय गार पडले असले, भेगांत हवा अडकली किंवा पाऊल जरा तिरकं ठेवलं गेलं, तरी आकडा हलतो. पाय पुसून, टाच नीट टेकवून मगच बटण दाबणारा ऑपरेटर असेल, तर शिबिर चांगलं समजा. रांग वाढली की घाई नेमकी इथेच होते.

खरी गफलत टी-स्कोरची, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडाशी तुलना करून काढलेल्या आकड्याची. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये ऑस्टिओपेनिया (हाडांची घनता कमी), उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ), या जागतिक आरोग्य संघटनेच्या रेषा डेक्सा तपासणीसाठी, म्हणजे कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजण्यासाठी आहेत. टाचेच्या आकड्याला त्या लागू होत नाहीत, तरी कागदावर लाल पट्टा त्याच रेषांवरून रंगवलेला असतो. टाचेचा आकडा कमी आला तर डॉक्टरांना विचारून कंबरेच्या मणक्यांचा आणि खुब्याचा डेक्सा करावा. त्याआधी २४ तास कॅल्शियमची गोळी घेऊ नये. नुकतीच बेरियमची किंवा कॉन्ट्रास्टची (चित्र स्पष्ट दिसण्यासाठी औषध देऊन केलेली) तपासणी झाली असेल तर आधीच सांगावं. उतारवयात मणक्यांना फुटलेलं जादा हाड तिथला आकडा फुगवतं, म्हणून खुब्याचा आकडा जरूर बघावा. पुढच्या वेळी तुलना करायची असेल तर त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर.

शिबिरात गोळ्यांची पट्टी मिळतेच. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. ती जेवणासोबत घ्यावी आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवावी. मुतखडा झालेला असेल तर विचारल्याशिवाय सुरू करू नये. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याची मात्राही मनाने महिनोन्महिने चालू ठेवू नये, रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

सगळ्यात मोठी उणीव मात्र औषधातली नाही. लाल पट्टा बघून माणूस घाबरतो. पडायच्या भीतीने आधी जिना सुटतो, मग कट्टा, मग भजनी मंडळ. भार येईनासा झाला की हाड झिजतं, मांड्यांचं बळ गेलं की तोल जातो, आणि ज्या पडण्याची धास्ती घेतली होती तेच जवळ येतं. एकट्यापुरती भाकरी कोण थापणार म्हणून जेवण चहा-बिस्किटावर येतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ते ताटातून जातं. दीर्घ नैराश्य असणाऱ्यांत हाडांची घनता कमी आढळते, हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे. शिबिरात मनाबद्दल, झोपेबद्दल, घरी सोबत कोण आहे याबद्दल एकही प्रश्न नसतो.

आणि ही सगळी माणसं एका हॉलमध्ये, एकमेकांच्या शेजारी बसलेली असतात! संघाने तिथेच दहा-बारा जणांचा गट बांधावा. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं: भिंतीला टेकवलेल्या, न घसरणाऱ्या खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं, भिंत धरून टाचा उचलणं, आधार हाताशी ठेवून एका पायावर उभं राहणं. मणका दबलेल्यांनी पादहस्तासन, पश्चिमोत्तानासनासारखं पुढे वाकणं टाळावं. दोन दिवस कुणी दिसलं नाही तर फोन कुणी करायचा, ते नावानिशी ठरवावं. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक रिपोर्टच्या कागदावरच छापावा.